पिंजऱ्यातले मोदक

फळ्यापुढे उभं केलेलं मूल घाबरलं की पाठ असलेला पाढाही विसरतं. उंदराचंही तसंच होतं. भीती वाटली की मूत्रपिंडांवरच्या इवल्या ग्रंथी रक्तात एक संप्रेरक सोडतात. थोडा वेळ ते कामाचं असतं. ओसरलंच नाही, तर शिकलेलं टिकत नाही. खाण्यातल्या तेलातुपाने त्यात फरक पडतो का, एवढंच धनश्रीला शोधायचं होतं. अर्ध्या उंदरांच्या खुराकात जवसाचं तेल होतं, अर्ध्यांच्या वनस्पती तूप. सक्करदऱ्याच्या घरून प्रयोगशाळेत येऊन तो खुराक ती रोज स्वतः मळायची. तिच्या पीएच.डी.ची वाढीव मुदत याच वर्षी संपत होती, आणि नव्या उंदरांची परवानगी मिळायला महिने लागतात.

गणपती उठले, त्याच्या दुसऱ्या दिवशी उंदरांची पोहण्याची परीक्षा होती: पाण्याखाली दडवलेला ओटा आठवून शोधायचा. धनश्री आली, तर जवसाच्या एका पिंजऱ्यात, भुशावर, तळलेल्या मोदकाचा तुकडा.

पिंजरे साफ करणाऱ्या शोभाताईंनी काही लपवलं नाही. बाप्पाचं वाहन म्हणून दिला, म्हणाल्या. मोदक वनस्पती तुपात तळले होते. एकच पिंजरा असेल, तर तेवढे उंदीर वगळता येतील, असं धनश्रीच्या मनात आलं.

"इथेच दिला ना, ताई?"

"एकाले देऊ अन् दुसऱ्याले नाही, असं कसं वं बाई? सगळ्यायले देल्ला. बाप्पा बसले तवापासून रोजच देऊन राहिली."

धनश्री स्टुलावर बसली. तुकडा उचलून फेकला, तर कुणालाच कळणार नव्हतं. आकडेही येतील. पण ते तेलाचे की मोदकाचे, हे तिला स्वतःलाही कधी कळणार नव्हतं.

असं का केलं, एवढंच तिने विचारलं.

"रक्त काढून मारताच ना तुम्ही यायले? सणाचं गोड तरी खाऊ दे, म्हटलं."

तिने मार्गदर्शक अभिजीत सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. कुणी दिलं, असं त्यांनी विचारलं.

"देखरेख माझी होती, सर."

प्रयोग थांबवा, म्हणाले. बंद पडलेल्या प्रयोगाचे उंदीर पाळत नाहीत, सोडतही नाहीत, हे तिला माहीत होतं. शोभाताईंना फक्त थांबवल्याचं कळलं. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे आता यायले मारत नाही ना कोणी?"

धनश्रीने पिंजऱ्याची रिकामी पाण्याची बाटली काढली आणि त्यांच्याकडे पाठ करून नळाखाली धरली.