वाटीभर गोगलगायी

शस्त्रक्रियेला दीड महिना उलटला, तरी दादाच्या मांडीची जखम भरून येत नव्हती. "औषधं चालू आहेत, पण पोटात प्रथिनं नकोत का? हे तर चिमणीएवढं खातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मांस दातांना झेपत नव्हतं, अंड्यांचा वीट आला होता आणि दूध पचत नव्हतं.

दादाची धाकटी बहीण हे ऐकत होती. परसातल्या शेडमध्ये ती नऊ वर्षं खायच्या गोगलगायी पाळत होती आणि दादाने एकदाही तिथे पाऊल टाकलं नव्हतं. "गोगलगाय नि पोटात पाय, तशी आमची धाकटी!" असं तो चारचौघांत म्हणायचा. ती हसून सोडून द्यायची, पण लागायचंच.

पोट साफ व्हावं म्हणून पाच दिवस उपाशी ठेवलेल्या गोगलगायी तिने त्या दिवशी बाहेर काढल्या. उकळून कवचातून सोडवल्या, मीठ लावून चिकटा जाईपर्यंत चोळून धुतल्या, चांगल्या मऊ शिजवल्या आणि बारीक चिरून लसणीवर परतल्या.

दादाची सून हळूच म्हणाली, "आत्या, बाबांना मशरूम म्हणून सांगू या."

"नको गं. आजारी माणसाच्या ताटात थापा कशाला वाढायच्या?"

वाटी ठेवत ती म्हणाली, "दादा, या माझ्या गोगलगायी. शंभर ग्रॅमला पंधरा-सोळा ग्रॅम प्रथिनं, चरबी नावापुरती, शिवाय लोह. नको असेल तर उचलते."

"इतके दिवस का नाही दिल्यास?"

"तू नाक मुरडशील म्हणून."

"मुरडलंच असतं." त्याने डोळे मिटून घास घेतला. बराच वेळ चावला. "मऊ आहे की! मीठ जरा कमी पडलंय."

मीठ आणायला गेलेली धाकटी ओट्याशीच थबकली. पदराने डोळे टिपून मग परतली.

तीन आठवड्यांनी जखमेच्या कडा गुलाबी झाल्या. "सगळं श्रेय गोगलगायींना देऊ नका हं," डॉक्टरीणबाई हसल्या, "पण आता अंगी लागतंय."

एका सकाळी दादा काठी टेकत शेडमध्ये आला. कोबीच्या पानांवर शेकडो गोगलगायी तुटून पडल्या होत्या. त्याने कान दिला.

"अगं, यांचं खाणं ऐकू येतं!"

धाकटीने स्टूल पुढे सरकवलं.