मधला रोल

गवतवाल्यानं मला पहिल्याच दिवशी ओळखलं. डोकेदुखी म्हणून. चौतीस वर्षं मी शाळेत मुलींना खेळ शिकवले. मैदानावर रेघ वीतभर जरी चुकली तरी माझी शिट्टी वाजायची. आता आमच्या मागच्या अंगणात कृत्रिम गवताचं मैदान घालायचं आणि मी आत बसून भाजी निवडायची, हे होणं नव्हतं.

मैदानाची टूम धाकट्या भावाची. "ताई, निवृत्त झाल्यापासून तू नुसती भिंतींवर ओरडतेस. मागं छोटं व्हॉलिबॉलचं मैदान करू. आजूबाजूच्या मुलींना शिकव."

मी त्याला वेड्यात काढलं आणि त्याच दुपारी टेप घेऊन अंगण मापायला गेले. माझी टोमॅटोची रोपं, मिरच्या, पुदिना, सगळं माझ्याच हातानं उपटलं. पाच मुलींनी नावंसुद्धा दिली. त्यातली एक बांबूसारखी उंच, रोज कुंपणावरून डोकावून विचारायची, "बाई, झालं का?"

घर आईवडलांचं. माझा अर्धा हिस्सा मी सात वर्षांपूर्वी भावाच्या नावावर करून दिला होता. त्याला धंद्यासाठी कर्ज हवं होतं. "कागदाचं काय एवढं, घर आपल्या दोघांचंच," असं तो म्हणाला आणि मी न वाचता सही ठोकली.

गवतवाला कामाला चोख होता. माती उकरली, खडी पसरली, ती दाबायचं मशीन दिवसभर असं धडधडवलं की कपाटातल्या बश्यासुद्धा नाचल्या. पाणी कुठून निघणार, उतार किती, असं मी विचारत राहायचे आणि तो न चिडता दाखवायचा. अकराला आणि चारला चहा माझ्या हातचा. असाच एकदा बशीत चहा ओतून घेताना त्यानं मला त्याची विद्या सांगितली.

"बाई, या गवताला लव असते. सगळे रोल एकाच दिशेनं लावायचे. एक जरी उलटा गेला ना, तर ऊन पडलं की तिथं वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो. मग मालक नाचवतो आम्हाला. ढगाळ हवेत डोळ्यांना कळत नाही. तेव्हा हात फिरवून बघायचं, मांजराच्या पाठीवरून फिरवतो तसा."

आठव्या दिवशी मी डॉक्टरांना दात दाखवून परत आले, तर नेटच्या खांबांसाठी खणलेले दोन्ही खड्डे गायब. वरून खडी दाबून सपाट.

"अहो, खड्डे कुठं गेले?"

"बुजवले."

"कोणाला विचारून?"

"साहेबांनी सांगितलं. नव्या मालकांना नेट नकोय. त्यांच्या मुलांना फुटबॉल खेळायचाय."

"कोण नवे मालक?"

त्याचा चेहरा पडला. "साहेब म्हणाले होते, ताईला मी सांगतो, तुम्ही काही बोलू नका. मला वाटलं, एव्हाना सांगितलं असेल."

आठ दिवस हा माणूस माझ्या हातचा चहा पीत होता!

भावाला मी स्वयंपाकघरात गाठलं. भावजय कप विसळत होती. तो एकच कप ती शेवटपर्यंत विसळत राहिली.

"सांगणारच होतो गं," तो म्हणाला. "मैदान करून दिलं तरच घर घेतो म्हणाले ते लोक. आणि तू उभी राहिलीस म्हणून काम इतकं छान झालं, खरंच."

"आपण कुठं जायचं?"

"आम्ही दोघं हिच्या आईकडं. तिथं दोनच खोल्या आहेत. तुझ्यासाठी मस्त जागा बघितलीय. तुझ्या वयाची माणसं असतात, डॉक्टर येतो, बाग आहे."

"मग मैदान माझ्यासाठी, मुलींना शिकव, हे कशाला बोललास?"

"तू किती खूश होतीस, ताई. म्हटलं, चार दिवस राहू दे खूश."

लहानपणी याला पोहायला मी शिकवलं, सायकल मी शिकवली, परीक्षेच्या आदल्या दिवशी याची प्रमेयं मी पाठ करून घेतली. त्यानं केसानं गळा कापला, आणि तोही मला खूश करून. मला रडू आलं नाही. लाज वाटली. मी माझी रोपं स्वतः उपटली होती.

"त्या मुलींना काय सांगू?"

"सांग काहीतरी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं होतं. नवे मालक चारला बघायला येणार, म्हणून भावानं घाई लावली होती. गवतवाला माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून त्यानं घराच्या कडेच्या बोळातून पाच रोल आणले आणि भराभर अंथरले. बोळ अरुंद; रोल वळवताना मधल्याचं तोंड फिरलं. प्रत्येक रोलच्या पाठीवर लवेची दिशा दाखवणारा बाण छापलेला होता. आज त्यानं तो बघितला नाही.

मी पायरीवरून उतरले, वाकले आणि हात फिरवला. चार रोलांची लव घराकडे. मधल्याची कुंपणाकडे.

गोंदाचे डबे उघडे होते. भाऊ फोन कानाला लावूनच बाहेर आला. "ताई, चिकटवण्याआधी एकदा नजर टाक. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

हे तो मनापासून म्हणाला. तेच मला सहन झालं नाही. गवतवालाही ब्रश धरून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. चौतीस वर्षांत चूक दिसली आणि मी गप्प बसले, असं कधी झालं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

भावानं मान डोलावली. वाकूनसुद्धा बघितलं नाही त्यानं. सात वर्षांपूर्वी मीही वाचून बघितलं नव्हतं.

जोडपट्ट्यांवर गोंद लागला, कडा दाबून बसवल्या. मी पायरीवर बसून होते. साडेतीनच्या सुमारास ढग हटायला लागले.