आधी काय झालं?

सातवीच्या बाईंचा एक तास वेळापत्रकात 'माध्यम साक्षरता' अशा भारदस्त नावाने छापला होता. पोरं त्याला 'खोटं पकडायचा तास' म्हणत. फोनवर आलेलं काहीही पुढे ढकलण्याआधी तिथे तीन प्रश्न विचारायचे: हे कोणी काढलं? याच्या आधी काय झालं? खोटं निघालं तर कोणाचं वाटोळं होईल? कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर, असं जुनी माणसं सांगत. बाई म्हणत, आता डोळ्यांवरही विसंबू नका.

शिकवायला सोपं असतं हो. पण त्या दिवशी घरोघरी फिरणाऱ्या व्हिडिओत बाईंचा सख्खा भाऊ होता.

भाऊ शाळेची व्हॅन चालवायचा. व्हिडिओत तो एका चिमुरडीला दंडाला धरून खसकन ओढत होता, ती किंचाळत होती. एवढंच. खाली लिहिलं होतं, 'असल्यांच्या हाती आपली मुलं!' पालक ऑफिसात जमले होते आणि भावाला ठेवायचं की काढायचं, याचा निर्णय मुख्याध्यापिका दुपारी देणार होत्या. "मी वाचवलं गं तिला," भाऊ सकाळी म्हणाला होता. बाईंना पटलं होतं, पण पुरतं नाही. त्याचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लहानपणापासून त्यांनीच सोसलेलं. आपल्याला शंका आली याचीच त्यांना लाज वाटत होती.

त्यांनी वर्गात पडद्यावर व्हिडिओ लावला. "हा माझा दादा आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून आज मी तोंड उघडणार नाही. तुम्ही तपासा. त्याची चूक निघाली, तर तीच ऑफिसात जाऊन सांगायची."

आणि त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. हात त्यांनी पदरात गुंडाळून घेतले.

वर्गात एक मुलगी होती. दर वाक्याची सुरुवात 'पण'ने करायची, म्हणून सगळे तिला पणजी म्हणत. तिने व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिला. "पण मागच्या दुकानाच्या काचेत बघा ना! ट्रकचे मागचे लाल दिवे आहेत, मोठे मोठे होत चाललेत. मागे येतोय तो."

वर्गात जल्लोष झाला. बाईंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात पणजीच म्हणाली, "पण त्याने काय सिद्ध होतं? काढणाऱ्यालाच विचारू या."

मग बाईंच्या फोनवरून उलटा प्रवास सुरू झाला. वर्गातल्या एकाच्या बाबांना तो शेजाऱ्यांकडून आला होता, शेजाऱ्यांना भाचीकडून, भाचीला कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या काकूंकडून. काकूंनीच दुकानातून तो काढला होता.

"अगं, सगळा स्टेटसला बसेना, म्हणून सुरुवातीचा तुकडा उडवला मी!" काकू म्हणाल्या. "मी तर त्याचं कौतुक लिहिलं होतं. ते कोणी काढून टाकलं?"

अख्खा व्हिडिओ आला. चिमुरडी चेंडू पकडायला, उलट येणाऱ्या ट्रकच्या वाटेत धावते, भाऊ व्हॅनमधून उडी टाकतो, आणि मग तो दंड. बाईंनी तो एकदाच पाहिला. पुन्हा बघायची छाती झाली नाही.

ऑफिसात पोरांनी तो लावला, तेव्हा पालकांची तोंडं बघण्यासारखी झाली. तरी एक गृहस्थ हार मानेनात. "बाईंनी भावासाठी पोरांना पढवलंय."

पणजी पुढे आली. "पण काका, बाई तर म्हणाल्या होत्या, चूक निघाली तर तीच येऊन सांगा. आम्ही सांगितली असती."

मुख्याध्यापिकांनी त्या गृहस्थांना खाली बसवलं आणि व्हॅन भावाकडेच राहील, असं सांगून टाकलं. दाराशी उभा असलेला भाऊ बहिणीकडे बघत राहिला. "माझी चूकसुद्धा सांगायला लावणार होतीस?"

"हो रे दादा."

भावाने डोळे पुसले, आणि शेजारच्या शिपायाला कोपराने ढोसून म्हणाला, "बघितलंस? बहीण आहे माझी."