काळ्या रंगाला बंदी

शाळेत काळा रंग मिळत नसे. लाल, पिवळा आणि निळा, एवढेच तीन. बाकीचे रंग मुलांनी ओल्या कागदावर एकमेकांत मिसळून शोधायचे. मूल जगाकडे रंगांतून येतं, रेषा मागाहून येतात, असं शाळा काढणाऱ्या विल्मा नेनीचं म्हणणं; तिकडे शिक्षिकेला नेनी म्हणतात. अक्षरांचंही तेच. दुधाचे दात पडायला लागल्याशिवाय अक्षर दाखवायचं नाही, आणि दाखवायचं तेही गोष्टीतून, गाण्यातून, मातीत हातांनी घडवून.

स्वतःच्या स्वयंपाकघरात सात मुलं घेऊन तिने ही शाळा काढली, तेव्हा आल्माश गावाने तिला वेड्यात काढलं होतं. मग रशियन फौज गेली, टेकडीवरच्या बराकी ओस पडल्या आणि विल्मा नेनीने त्या मागून घेतल्या. पालकांनी भिंतींना गुलाबी रंगाचा हात दिला, पडदे शिवले. आठ वर्षांत मुलं झाली एकशे साठ. आता वेड्यात काढणारेच नातवंडांसाठी वशिला शोधत फिरत होते.

एमोके तिसरीची शिक्षिका. पहिलीत घेतलेला वर्ग आठवीपर्यंत एकाच शिक्षकाने सांभाळायचा ही तिथली रीत, त्यामुळे आपल्या चोवीस मुलांची नस न् नस आपल्याला ठाऊक आहे अशी तिची समजूत होती. त्यातली किंचो तिची विशेष लाडकी. बेकरीत काम करणाऱ्या इबोयाची ही मुलगी नऊ वर्षांची. तिच्या चित्रांत झाड कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते सांगता येत नसे. "हिची नजर वेगळी आहे," असं एमोके पालकांच्या सभेत म्हणाली होती, आणि ते सगळ्या गावात झालं. या वर्षी शाळेच्या कॅलेंडरवर किंचोचं चित्र होतं. शनिवारी उघडायच्या नव्या सभागृहात तिचंच भलंमोठं चित्र लागलं होतं.

वाचनात ती मागे होती, पण त्याची कुणाला चिंता नव्हती. कविता तिला एकदा ऐकून पाठ होत. फळ्यावरचं उतरवताना ती शेजारणीच्या वहीवर नाक टेकवी. हिला माणसांची ऊब लागते, असं एमोकेने तिच्या प्रगतिपुस्तकात लिहिलं होतं. छान वळणदार अक्षरात लिहिलं होतं.

तिसरीच्या वर्गाने शाळेसाठी काहीतरी खरंखुरं बांधायचं, ही आणखी एक रीत. यंदा पाव भाजायची भट्टी बांधणं चाललं होतं. मंगळवारी सकाळी विटांचा थर सरळ यावा म्हणून दोन खुंट्यांमध्ये गवंड्याचं सूत बांधलं होतं. किंचो वीट छातीशी धरून आली, थेट सुतात पाय घातला आणि तोंडावर पडली. ओठ फुटला.

एमोकेने तिला उचललं. "अगं, सूत दिसलं नाही का?"

"कुठलं सूत?"

"हे काय, पांढरं. तुझ्यासमोर."

किंचोने हात पुढे करून चाचपलं. सापडल्यावर हसली. "सूत हात लावल्याशिवाय कुठं दिसतं?"

एमोकेने रुमाल तिच्या ओठाला लावून धरला. मग चार पावलं मागे जाऊन हात वर केला. "किती बोटं?"

"तुम्ही लांब गेलात, नेनी."

"मी कोण आहे ते तरी दिसतंय ना?"

"तुम्ही निळी शाल," किंचो म्हणाली. "बार्तोश म्हणजे लाल टोपी. त्याने टोपी काढली की मी त्याच्या बोलण्याची वाट बघते."

समोरच्या अक्रोडाकडे बोट दाखवून एमोकेने विचारलं, "ते झाड कसं दिसतं?"

"मी काढते ना, तसं. तुम्हीच म्हणता, आहे तसं काढ."

पहिलीतली ती सकाळ तेव्हा एमोकेला आठवली. तालुक्याची नर्स तेरका मुलांचे डोळे तपासायला आली होती, काखेत तक्त्यांची गुंडाळी घेऊन. अक्षरांचा तक्ता बघून एमोकेने तिला दारातच अडवलं होतं. तेरका हुशार, तिने दुसरा तक्ता काढला. "अक्षरं नकोत तर चित्रं आहेत. घर, छत्री, कोंबडा." चित्रं काळीकुट्ट, ठोकळेबाज होती. "आमच्या मुलांच्या डोळ्यांत हे घालू नका," एमोके म्हणाली होती. त्यावर तेरका म्हणाली, "बाई, डोळ्यांत काय आहे तेच बघायला आलेय मी." एमोकेने नकाराच्या कागदावर सही करून तिला वाटेला लावलं, आणि संध्याकाळी विल्मा नेनीने तिची पाठ थोपटली. त्या शाबासकीवर ती महिनाभर खूश होती.

मंगळवारी दुपारी ती विल्मा नेनीकडे गेली. विल्मा नेनी कॅलेंडरचे गठ्ठे सोडत होती. सगळं ऐकून ती खुर्चीवर बसली.

"मुलीला उद्याच वेस्प्रेमला डॉक्टरकडे ने," ती म्हणाली. "पण त्या नर्सचं प्रकरण कशाला उकरून काढतेस? शनिवारी सगळा जिल्हा इथं येणार. आपण शाळेवर टपलेल्यांच्या हाती कोलीत द्यायचं का?"

"तिच्या आईला कळायला नको?"

"मुलगी बरी झाली की आईला दुसरं काय हवं असतं? सात वर्षांच्या पोराला अक्षरं नकोत म्हणणं चूक नव्हतं, एमोके."

"अक्षरं नव्हतीच," एमोके म्हणाली. "छत्री होती."

विल्मा नेनीने कॅलेंडर उलटं करून ठेवलं. ती दुष्ट बाई नव्हती. पस्तीस वर्षं एका गोष्टीवर विश्वास ठेवलेलं माणूस होतं ते, आणि अशा माणसाला एका छत्रीपायी मागे वळता येत नाही.

बुधवारी इबोया सुट्टी काढून आली. काही लपवायचं नसलेल्या बाईसारखी ती मोकळेपणी बोलत होती. बसमध्ये तिने एमोकेला गरम पोगाचा, बेकरीतला छोटा खारा पाव, खायला दिला. एमोकेने तो हातातच धरून ठेवला.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. दोन्ही डोळ्यांचे नंबर फार मोठे, जन्मापासूनचे. चष्मा लागेल. पण नीट चित्र कधी पोचलंच नाही म्हणून डोळे बघायला शिकलेले नाहीत, डावा तर जवळजवळ कामातून गेलेला. पट्टी लावून प्रयत्न करू, शब्द देत नाही. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर गोष्ट वेगळी होती. मग त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. "शाळेत तपासणी झाली नव्हती?"

इबोयाने एमोकेकडे पाहिलं. कधी झाली होती, हे एमोके सांगेल अशा भरवशाने पाहिलं.

"नर्स आली होती," एमोके म्हणाली. "मी तिला परत पाठवलं. सही माझी आहे."

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. परतीच्या बसमध्ये किंचो आईच्या मांडीवर झोपली, तेव्हा खिडकीबाहेर बघतच इबोया बोलली.

"तेरका तेव्हाच बेकरीत आली होती. म्हणाली, शाळेने नाही म्हटलं, तू दवाखान्यात घेऊन ये. मी नाही गेले."

एमोकेने तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाला होतात, हिची नजर वेगळी आहे. दिवसभर पाव भाजणारी बाई मी. माझ्या पोटी असं लेकरू. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे मी ते." तिने मुलीच्या केसांवर हात ठेवला. "तुम्हाला शिव्या द्यायच्या म्हटलं तरी आधी मलाच बसतात."

एमोकेला तिने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने विल्मा नेनीला न विचारता तेरकाला फोन केला. सोमवारी चोवीस मुलं घर, छत्री, कोंबडा म्हणत रांगेत उभी राहिली आणि विल्मा नेनीने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्याआधी शनिवारचा सोहळा मात्र थाटात पार पडला होता. पाहुण्यांनी चित्रापाशी थांबून थांबून माना डोलावल्या होत्या.

तीन आठवड्यांनी किंचो चष्मा लावून आली. डाव्या काचेमागे पट्टी नव्हती, ती उजव्या डोळ्यावर होती. बऱ्या डोळ्याला झाकून अधू डोळ्याला कामाला लावायचं होतं. सभागृहात पोचल्यावर तिने पट्टी जरा वर केली आणि आपल्या चित्रापुढे उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली.

"नेनी, इथं अक्रोड आहे हे लोकांना कसं कळायचं?"

"कळत नसे," एमोके म्हणाली.

"मग सगळे छान का म्हणायचे?"

"मी म्हणायचे म्हणून."

किंचोने मान हलवली, पट्टी खाली ओढली आणि भिंतीला हात लावत पुढचं चित्र बघायला गेली.