काळीच्या पोटातली पिवळी

एवारिस्तोकाकांनी बरणी प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवली. सोराइदाने आत डोकावून पाहिलं. पिवळीचा पत्ता नव्हता. एकच काळी होती, तीही टम्म फुगलेली.

"पिवळी कुठाय, काका?"

काका वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

बिनशंखाची ही पिवळी समुद्री गोगलगाय इतकी वर्षं बोकास बेटाच्या धक्क्याखाली एकट्या काकांनाच दिसत होती. फेरीबोटीची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेला हा गडी रोज पाण्यात उतरायचा, फोटो काढायचा आणि हौशी मंडळींच्या साइटवर टाकायचा. सोराइदा पनामा शहरात, विद्यापीठात बसून ते फोटो बघायची. हिला अजून जगात कुणी नाव दिलेलं नाही, हे तिनेच त्यांना कळवलं. झालं! काकांनी हट्टच धरला, नाव कासिल्दाचं द्यायचं, माझ्या बायकोचं. सोराइदा म्हणाली, देऊ की, पण नुसत्या फोटोंवर भागत नाही, जीव हातात लागतो. काकांनी जन्मात पाण्यातलं काही उचललं नव्हतं. नावापायी उचललं.

आणि वर बरणीत काळी टाकली. काळी दुसऱ्या गोगलगायी गिळूनच जगते. हे सांगायला हवं, असं सोराइदाच्या डोक्यातही आलं नव्हतं. आता मात्र तिच्या मस्तकात तिडीक गेली.

"हिला कशाला घातलीत आत?"

"बोट, मग रात्रभर बस. एकटीला कसं वाटलं असतं?" काका बरणीकडे बघत म्हणाले. "कासिल्दाने इस्पितळात एकटीनेच प्राण सोडला. मी खाली पाव आणायला गेलो होतो."

सोराइदाने काळीला औषधाच्या पाण्यात निजवलं आणि चिरलं. पिवळी आत होती. अख्खी गिळलेली, शेपटीकडून विरघळलेली, रंग पार उडालेला. पण दातांची पट्टी शाबूत होती, आणि या जातीची ओळख पटवायला दात लागतात. रंगाला काकांचे फोटो होतेच.

"भागेल एवढ्यावर," ती म्हणाली. काका खुर्चीत बसले, टोपीत तोंड खुपसून पोटभर रडले.

पिवळीच्या बाटलीवर कासिल्दाच्या नावाची चिठ्ठी लागली. दुसरीत काळी गेली. हिला दुसऱ्या कपाटात ठेवते, असं सोराइदा म्हणाली, तेव्हा काकांनी मान हलवली.

"नको मुली, शेजारीच असू दे. फक्त झाकणं घट्ट लाव."