मजुरीची ओळ

महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी मेस्त्री दुसऱ्या कुणाची गाडी हातात घेत नसत. कुणी कितीही गयावया करो, उत्तर एकच, "आज भावाची टॅक्सी." गिऱ्हाइकं वैतागायची. म्हणायची, अहो मेस्त्री, तुमच्या भावाच्या टॅक्सीला काय दर महिन्याला नवा रोग होतो का? होत नव्हता. तेल बघायचं, पट्टा दाबून बघायचा, चाकांतली हवा तपासायची, एक चक्कर मारून आणायची. दोन तासांचं काम. पण त्या निमित्तानं धाकटा यायचा, दोघं भाऊ गॅरेजच्या बाकावर बसून एका डब्यात जेवायचे आणि मेस्त्री महिनाभराचं साठलेलं सगळं बोलून घ्यायचे. एरवी हा माणूस बोलायचा कमी आणि खेकसायचा जास्त.

मजुरी कधी घेतली नाही. सामानाचे पैसे तेवढे घ्यायचे, बिलावर मजुरीची ओळ कोरी. वडील गेले तेव्हा धाकटा शाळेत होता. मेस्त्रींनी शाळा सोडून हातात पाना धरला आणि त्याला शिकवलं. पुढे त्याला टॅक्सी घेऊन दिली. भावाकडून मजुरी घ्यायची म्हणजे मग तो भाऊ कसला, गिऱ्हाईकच की! हे कुणी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलायचं काय त्यात?

तर त्या टॅक्सीनं अठरा वर्षांनी मान टाकली. इंजिन उघडून मेस्त्रींनीच सांगितलं, आता हिला सोडा, आजवर धावली तेच पुष्कळ. नवी घ्यायची हे ठरलं. पेट्रोलची की इलेक्ट्रिक, यावर घोडं अडलं. धाकट्याच्या घरात महिनाभर तोच वाद. शेवटी त्याच्या मुलीनं, जिला लहानपणापासून सगळ्यांच्या बेरजा सुधारायची खोड म्हणून घरात मास्तरीणबाई म्हणत, तिनं एका कागदावर दोन्ही गाड्यांचा आठ वर्षांचा खर्च मांडला आणि बापाला घेऊन गुरुवारी गॅरेजात आली.

"काका, तुम्ही एकदा नजर घाला," ती म्हणाली. "शनिवारी गाडीचे आगाऊ पैसे भरायचेत. बाबा म्हणतात, दादानं हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही."

"वाच," मेस्त्री म्हणाले. "आणि जरा मोठ्यानं वाच. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

तिनं वाचलं. इलेक्ट्रिक गाडी घेतानाच सहा लाखांनी महाग. घरी चार्जर बसवायचा, विमा जास्त, पुढेमागे बॅटरीसाठी थोडे बाजूला टाकायचे. पण विजेचा खर्च पेट्रोलच्या पाव हिश्शाहून कमी. आठ वर्षांत पेट्रोल असं काही पैसे पितं की ते सहा लाख जवळजवळ भरून निघतात. जवळजवळ.

"माझी इच्छा इलेक्ट्रिकची होती," ती म्हणाली. "धूर नाही, बाबांची पाठ दुखायची नाही, क्लच दाबायला नको. पण खोटं कशाला बोलू? बेरीज केली तर पेट्रोलचीच साठ हजारांनी स्वस्त पडते. देखभालीत फरक पडतो. इलेक्ट्रिकला कंपनीचा सर्व्हिसचा ठरलेला आकार आहे. आणि पेट्रोलच्या गाडीला आपल्याकडे मजुरी काहीच लागत नाही."

"लागेल कशाला?" धाकटा हसला आणि डब्याचं झाकण उघडलं. "माझा दादा आहे तोवर मला कंपनी कशाला हवी? तिथली पोरं यंत्र लावून बघतात. हा नुसत्या आवाजावरून सांगतो, कुठला बोल्ट ढिला आहे ते."

मेस्त्रींना आतून आनंदाची उकळी फुटली. खोटं नाही सांगत, फार बरं वाटलं त्यांना. आजकाल गॅरेजात तीन-चारच गाड्या यायच्या, आणि पुढची आठ वर्षं तरी पहिला गुरुवार आपला राहिला म्हणजे मिळवलं, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. मग त्यांनी चष्मा लावून कागद जवळ घेतला. देखभालीच्या रकान्यात मास्तरीणबाईंनी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, तेल, फिल्टर, पट्टे, पॅड, क्लच, आणि त्याखाली, मजुरी, शून्य.

त्या शून्याकडे बघता बघता त्यांचा घास तोंडातच राहिला.

झालं होतं असं. चार महिन्यांपूर्वी, अशाच एका गुरुवारी, त्यांनी टॅक्सीची चक्कर मारून आणली आणि धाकट्याच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "गाडी ठणठणीत." तिसऱ्या दिवशी धाकटा परत आला. म्हणाला, "दादा, ब्रेक दाबला की गाडी किंचाळते. मागे बसलेल्या म्हाताऱ्या बाई कान झाकून बसल्या." मेस्त्रींनी चाक काढलं. पॅड संपून लोखंडाला लोखंड लागलं होतं, डिस्कवर खोल चरे पडले होते. ही एका दिवसाची झीज नव्हे. म्हणजे गुरुवारीही ती किंचाळतच असणार, आणि हे मागेपुढे ब्रेक मारत अर्धा तास फिरून आले होते. यांना ऐकूच आलं नव्हतं.

"खडा अडकला होता," ते धाकट्याला म्हणाले. धाकट्यानं मान डोलावली. दादा म्हणाला खडा, म्हणजे खडा.

त्यानंतर त्यांनी मनाशी बऱ्याच सबबी करून पाहिल्या. बायको म्हणायची, टीव्ही किती मोठा लावता हो, शेजारी काय म्हणतील? हे म्हणायचे, तुझेच कान तिखट झालेत. इंजिनवर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरली की आतली जाड ठकठक अजून यायची. तेवढ्यावर त्यांनी स्वतःला फसवलं. पण बारीक आवाज, किंचाळणारे, शिटीसारखे, ते कुठे गेले होते कोण जाणे. बाकीच्या गाड्यांचं काम त्यांनी हळूहळू डोळ्यांनी दिसेल तेवढ्यावर आणलं. तेल, फिल्टर, टायर. अवघड काही आलं की पुढच्या चौकातल्या गॅरेजात धाडायचे आणि वर त्याला शिव्या घालायचे. पण धाकटा कुठे जाणार? तो जगात दुसऱ्या कुणाला गाडीचं झाकण उघडू देत नसे. दिवसाचे दहा तास, मागे परक्यांची लेकरंबाळं बसवून, तो दादाच्या कानाच्या भरवशावर रस्त्यानं पळत होता.

"काय काका, बरोबर आहे ना?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"कागद ठेवून जा," मेस्त्री म्हणाले. "उद्या सांगतो."

बाप-लेक गेल्यावर ते कोपऱ्यात ठेवलेल्या टायरपाशी गेले. खाली बसून त्यांनी व्हॉल्वची टोपी काढली आणि आतला खिळा नखानं दाबला. हवा बोटावर आली, गार, जोरात. आवाज आला नाही. त्यांनी डोकं वाकवून कान पार टायरला लावला. बोट गार पडत गेलं, टायर हळूहळू बसत गेला, आणि त्यांच्या कानाशी नुसती शांतता. चाळीस वर्षं ज्या सुस्काऱ्यावरून ते पंक्चर शोधत आले होते, तो नाहीच. देवा रे, ते म्हणाले, आणि हे त्यांचं त्यांना कसंबसं ऐकू आलं.

सांगून टाकावं का? त्यांनी तोही विचार केला. पण ते भावाला ओळखून होते. दादाला ऐकू येत नाही असं कळलं तर हा गाढव मुद्दाम पेट्रोलचीच गाडी घेणार, दादाचं मन मोडू नये म्हणून. आणि गुरुवारी येणार, डबा खाणार, आणि ब्रेक किंचाळला तरी सांगणार नाही, दादाला लाज वाटेल म्हणून. तो तसाच होता. लहानपणी मेस्त्रींनी खारट भाजी केली तरी ती चाटूनपुसून खायचा.

मग त्यांनी पेन घेतलं. महिन्याचे दोन तास, आठ वर्षं. शिवाय दोनदा क्लच, एकदा इंजिनचं वरचं काम. बाजारभावानं जे होईल ते, ना कमी ना जास्त. बेरीज एक लाख ऐंशी हजार झाली. शून्य खोडून त्यांनी तो आकडा लिहिला. अक्षर वेडंवाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते धाकट्याच्या घरी गेले आणि दारातच कागद दिला. बसले नाहीत.

धाकट्यानं तो दोनदा वाचला. "हे काय आहे, दादा?"

"मजुरी. ती धरायची राहिली होती. आता इलेक्ट्रिक लाख-सव्वा लाखानं स्वस्त पडते."

"तू माझ्याकडून मजुरी घेणार?"

"हिशेब म्हणजे हिशेब. पोट मलाही आहे."

धाकट्याचा चेहरा उतरला. आधी त्याला वाटलं, दादा गंमत करतोय. मग कळलं की नाही. "अठरा वर्षं माझ्याबरोबर एका डब्यात जेवलास," तो म्हणाला, "आणि मनातल्या मनात मीटर चालू होतं होय? तोंडानं मागितली असतीस तर एक लाख काय, घर विकून दिली असती."

"बाबा, थांबा," आतून मास्तरीणबाई आली. तिनं कागदाकडे पाहिलं, मग काकांकडे. "काका असं करणार नाहीत. काका, खरं सांगा, काय झालंय?"

मेस्त्रींच्या तोंडाशी आलं होतं. ते त्यांनी गिळलं, "तुझी बेरीज चुकली होती, ती सुधारली," एवढं म्हणाले आणि वळले. पाठीमागून धाकटा काहीतरी बोलला. ते त्यांना कळलं नाही, आणि नाही कळलं तेच बरं झालं.

धाकट्यानं इलेक्ट्रिक गाडी घेतली. मेस्त्रींना ते समोरच्या टायरवाल्याकडून समजलं. तिचे ब्रेक आता कंपनीतली पोरं यंत्र लावून बघणार, एवढ्या एका गोष्टीवर ते समाधान मानायचे. पहिला गुरुवार आला, कुणी आलं नाही. बायकोनं सवयीनं डबा दोघांचा भरला होता. अर्धा तसाच परत गेला. दुसऱ्या महिन्यातही तेच. गिऱ्हाइकांना वाटलं आता गुरुवार मोकळा झाला, पण मेस्त्रींनी गॅरेजचं दार अर्धं ओढून घेतलं आणि स्वच्छ असलेले पाने पुन्हा पुसत बसले. माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःचं घर उन्हात बांधावं, आणि मग ऊन लागतं म्हणून कुणाकडे रडावं?

तिसऱ्या महिन्यातल्या गुरुवारी ते दाराकडे पाठ करून, खाली वाकून जॅकला तेल देत होते. कुणीतरी खांदा गच्च धरून त्यांना बाजूला खेचलं. पडता पडता वाचले. "अरे, कोण रे तो..." म्हणून शिवी हासडायला वळले तर समोर मास्तरीणबाई, पांढरीफटक. आणि तिच्यामागे, ते जिथं वाकले होते तिथून हातभर अंतरावर, एक नवीकोरी निळी गाडी मागच्या बाजूनं येऊन उभी. धाकटा हँडब्रेक ओढून घाईनं बाहेर उतरलेला, दार सताड उघडं.

"काका, कधीपासून वाजतंय ते!" मास्तरीणबाई म्हणाली. "बाजूला का होत नव्हता?"

"काय वाजतंय?" मेस्त्री म्हणाले. मग सावरून घ्यायला गेले, "या गाड्यांना आवाजच नसतो ना. चांगली आहे. अगदी शांत आहे."

दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. धाकटा गाडीत बसून मागचा गिअर काढून परत आला, आणि मास्तरीणबाई काकांच्या समोर येऊन म्हणाली, "आता बंद झालं वाजायचं." तेव्हा मेस्त्रींना समजलं की गाडी मागे घेताना एक पिपाणी वाजते, ती आत्ता, ते शांत आहे म्हणत असतानाही, वाजतच होती. समोरचा टायरवालासुद्धा उठून बघायला आला होता.

धाकट्याच्या हातात एक जाड पाकीट होतं. अठरा वर्षांच्या मजुरीचा पहिला हप्ता म्हणून तोंडावर फेकायला तो आला असणार, कारण पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, मजुरी. रागानं बाप-लेक वाटेत भांडलेही असतील. आता ते पाकीट त्याला कुठे ठेवावं कळेना.

"मला वाटलं, अजून रुसलायस म्हणून हलत नाहीस," तो म्हणाला. मग जवळ आला आणि समोर उभा राहून, ओठ नीट हलवत विचारलं, "कधीपासून?"

मेस्त्रींनी तेलाचे हात पुसले. पुसायला फार वेळ लावला.

"खडा नव्हता तो," ते म्हणाले.

धाकट्यानं डोळे मिटले. त्या दिवशी मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या बाई त्याला आठवल्या असतील, किंवा तो कागद. पाकीट त्यानं खिशात कोंबलं, ते अर्धं बाहेरच राहिलं. मास्तरीणबाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. धाकटा तिला हळूच काहीतरी म्हणाला, ते मेस्त्रींना ऐकू आलं नाही.

शेवटी धाकटा बाकावर बसला, शेजारची जागा हातानं झाडली आणि सगळी गल्ली वळून बघेल अशा आवाजात म्हणाला, "दादा! जेवलास का?"

"ओरडतोस काय?" मेस्त्री खेकसले. "एवढा काही बहिरा नाही मी."

धाकटा हसला नाही. त्यानं डबा जवळ ओढला आणि अर्धी पोळी मोडून दादाच्या हातात दिली.