माझ्या पोटातलं फुलपाणी

मित्रांनो, आधी एक गैरसमज काढून टाका. माझं पोट मोठं, मान लांब, बुडाला जाळ लागतो आणि चोचीतून थेंब थेंब गळतं, म्हणून मी दारूची भट्टी नव्हे! मी जुना कत्तार. फुलांचा अर्क काढायचं तांब्याचं भांडं. ट्युनिसियातल्या नाबुल गावात राहतो. वसंतात कडू संत्र्याची पांढरी फुलं माझ्यात शिजतात आणि त्यांचं फुलपाणी होतं. ते कॉफीत पडतं, मिठाईत पडतं, तापलेल्या लेकराच्या कपाळावर पडतं.

तांबटाच्या हातोडीखाली मी जन्मलो आणि मालकीण लल्ला शेदलियाच्या रुखवतात या घरी आलो. काय मान होता माझा! मला चुलीवर चढवायच्या दिवशी घरात भांडायचीही बंदी. मग दुकानात स्वस्त वासाच्या बाटल्या आल्या. मला गच्चीवर फेकलं. कोंबडी माझ्यात अंडी घालायची. अंगावर हिरवा गंज चढला. कुणाला काही वाटलं नाही.

मग दलेंदा लल्लाची सून होऊन आली. ती कारखान्यात जीन्सचे खिसे शिवायची. एकदा कपडे वाळत घालताना तिने माझ्या पोटात नाक खुपसलं आणि सासूला ओरडून म्हणाली, "उम्मी, ह्याच्यात अजून फुलं आहेत!" फुलं कुठली, जुना वास होता. पण तिच्या नाकाला तो सापडला. तिने मला लिंबू आणि राखेने घासून घासून लाल केलं. त्या दिवसापासून ही पोरगी वेडी झाली. कुठल्या बागेचं फूल गोड, जाळ किती मंद, सगळं स्वतः करून, करपवून शिकली.

घर हसत होतं. सासू म्हणायची, "घरापुरतं काढ गं. विकायला आपण काय भिकेला लागलोय?" नवरा म्हणायचा, "हौस आहे, रविवारी कर." मला संताप यायचा. त्याच्या मित्राने मासे पकडायच्या नादातून होडी घेतली, तर तो धंदा. बाईने केलं की हौस!

यंदा फुलांच्या दिवसांत दलेंदाने रजा घेतली. मुकादमाने बजावलं, "सोमवारी मशिनवर दिसली नाहीस, तर जागा गेली." त्याआधी शनिवारी राजधानीतला मिठाईवाला सी लमीन येणार होता. पाणी पसंत पडलं तर दरवर्षी तिच्याकडूनच घेणार. नाही पडलं, तर पुन्हा खिसे.

शनिवारी ती पहाटेच बाजारात फुलं आणायला गेली, आणि इकडे शेजारीण मबरूका दारात. "लल्ला, जरा कत्तार द्या. जिरॅनियमचं पाणी काढते." आमच्या गल्लीत कत्तार मागितला तर नाही म्हणत नाहीत, आणि परत देताना धूतही नाहीत. धुतला तर घराची बरकत वाहून जाते म्हणे! लल्लाने मला दिलं. मबरूकाने आदल्या दिवशी तोडलेली जिरॅनियमची उग्र वासाची पानं माझ्यात उकळली आणि मला तसंच चुलीशी आणून ठेवलं.

दलेंदा धावत आली. फुलं भरली, वाफ निसटू नये म्हणून सांध्याला कणीक लावली, जाळ केला. पहिला थेंब पडला. तिने वास घेतला आणि चेहरा उतरला.

"उम्मी, ह्याच्यात जिरॅनियम कुणी शिजवलं?"

"मबरूकाने. शेजारीण आहे, नाही कसं म्हणू? दे भरून. त्या मिठाईवाल्याला काय कळतंय!"

"त्याला नाही कळलं तरी मला कळतंय."

तेवढ्यात सी लमीन दारात. दलेंदाने सरळ सांगितलं, "हे पाणी बिघडलंय, विकायचं नाही. थांबाल तर दुसरं काढते."

"फुलं आहेत का?"

फुलं नव्हती. बाजार उठला होता. मित्रांनो, माझ्या अंगातला जाळच विझला!

आणि तेव्हा लल्ला शेदलिया उठली. घरी आलेल्या पाहुण्यासमोर तिच्या कत्ताराला नावं ठेवली गेली होती. गल्लीच्या तोंडाशी जाऊन ती गरजली, "मबरूका! माझ्या रुखवतातलं भांडं बाटवलंस! तुझ्या घरी चादरीवर पसरलेली संत्र्याची फुलं आण आत्ताच्या आत्ता!"

"अहो लल्ला, ती माझ्या घरची..."

"मग माझं भांडं काय सरकारी होतं?"

फुलं आली. पाठोपाठ बघ्या बायकाही आपापल्या घरची फुलं पदरात घेऊन आल्या. मला कोंडा आणि लिंबाने घासलं, नुसतं पाणी उकळून ओतून दिलं, मग फुलं भरली. सी लमीनला लल्लाने बळेच कुसकुस वाढलं. आणि पाणी आलं. नितळ, कोवळं, नाकातून थेट काळजात जाणारं! त्याने दोन थेंब कॉफीत टाकले, घोट घेतला आणि म्हणाला, "बाई, पुढच्या वसंतात एवढ्याने भागायचं नाही. मोठी बरणी तयार ठेव."

"भाव आधी बोला," लल्ला म्हणाली. विकायची लाज वाटणारी तीच! गल्ली खो खो हसली.

सोमवारी कारखान्याचा भोंगा वाजला. दलेंदा माझ्याखाली लाकडं रचत होती. मबरूका पुन्हा हजर. "दे गं कत्तार."

"भांडं मिळणार नाही. पानं आणा, इथे बसा, मी काढून देते. मजुरी पडेल."

"अगं बया! शेजारणीलाच गिऱ्हाईक केलंस?"

"मजुरीचं पहिलं गिऱ्हाईक. बसा, कॉफी माझ्याकडून."

मबरूका तणतणत घरी गेली. आणि पानं घेऊन आली.

मित्रांनो, ज्या कामाने तुमचा जीव हरखतो, त्याचं हत्यार रोज घासा. ते उसनं मागायला येणाऱ्याला नाही म्हणा, बरकत कुठे जात नाही. बिघडलेला माल ओतून द्या. चांगल्या मालाचं मोल मागताना मान खाली घालू नका. आणि ‘हौस आहे, रविवारी कर’ म्हणणाऱ्याला सांगा, आज सोमवार आहे.

चला, सरका जरा. पहिला थेंब येतोय!